चोरीचे दोन तास

"ताई, मी डोंबिवलीला राहते, वय ३६, फोर्टमध्ये एका कंपनीत अकाउंट्सला आहे. घरी नवरा, सासूबाई आणि तिसरीतली मुलगी. सीएमए म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेतल्या इंटरचा पहिला ग्रुप दोन वर्षांपूर्वी कसाबसा सुटला, दुसऱ्याचा दोनदा फॉर्म भरला पण परीक्षेला बसलेच नाही. सकाळी साडेपाचला उठते, डबे, मुलीची शाळा, सव्वाआठला घर सोडते, दहा ते सहा ऑफिस, आठला घरी, मग स्वयंपाक, होमवर्क, आवराआवर, पाठ टेकायला पावणेअकरा होतात. मग पाच मिनिटं म्हणून फोन घेते आणि एक वाजतो. रोज. काय बघितलं तेही दुसऱ्या दिवशी आठवत नाही. ऑफिसात एकच एन्ट्री तीनदा तपासते, घरी मुलीवर खेकसते. पहाटे साडेचारचा गजर लावून झाला, सातशे रुपयांचा प्लॅनर आणला, हॅबिट ट्रॅकरचं अ‍ॅप टाकलं, एकवीस दिवसांचं चॅलेंज घेतलं, नवव्या दिवशी सगळं बंद. नवरा म्हणतो तुला शिस्तच नाही, आता मलाही तसंच वाटायला लागलंय. फोन विकून टाकू का? डिसेंबरच्या परीक्षेला पाच महिने आहेत, एखादं टाइमटेबल द्या. – झोप उडालेली"

अगं झोप उडालेली,

फोन विकू नकोस. लोकलचा पास त्यातच, बँकेचा ओटीपी त्यातच आणि मुलीच्या शाळेचा ग्रुपही त्यातच, विकलास तर चार दिवसांनी दुसरा घेशील आणि वर हप्ता भरत बसशील.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला एकच गोष्ट शोधत होते, की सकाळी साडेपाच ते रात्री पावणेअकरा या सव्वासतरा तासांत तुझा स्वतःचा म्हणावा असा वेळ नेमका कुठाय. मला तो सापडला नाही गं. कंपनीचा आहे, सेंट्रल रेल्वेचा आहे, मुलीचा आहे, ओट्याचा आहे, तुझा असा पहिला वेळ येतो तो पावणेअकराला, घर झोपल्यावर, आणि तेव्हा अंगात त्राण नसतं म्हणून तू त्या वेळात दुसरं काही करूच शकत नाहीस, हातातली वस्तू बघतेस. तुला रील्स आवडतात म्हणून तू जागी राहत नाहीस. झोपलं की लगेच साडेपाच वाजणार आणि परत सगळ्यांचं सुरू होणार हे माहीत असतं, म्हणून तू दिवस संपू देत नाहीस, एवढंच आहे ते.

हे मला कसं कळलं ते सांगते. मी बँकेत होते, कल्याणहून जायचे, आमच्या घरी तेव्हा दोन खोल्यांत सहा माणसं. रात्री साडेअकराला सगळे झोपले की मी बाथरूममध्ये जाऊन पाटावर बसून दिवाळी अंक वाचायचे, पिवळ्या बल्बखाली, नळ ठिबकतोय, डास चावतायत, आणि मी एक वाजेपर्यंत बसलेली. मोबाइल नावाची गोष्ट तेव्हा आमच्या स्वप्नातही नव्हती. तर मुद्दा असा की चोरून घेतलेला वेळ फोनच्या आधीपासून आहे, फोनने फक्त तो चोरायला सोपा करून दिला आणि कधी थांबायचं ते कळेनासं केलं, कारण दिवाळी अंकाला निदान शेवटचं पान असायचं.

त्यामुळे तुला आणखी एक टाइमटेबल दिलं तर तेही नवव्या दिवशी बंद पडणार, कारण ते त्या सव्वासतरा तासांवरच आणखी ओझं टाकणार. तो पहाटे साडेचारचा गजरच बघ ना. एकला झोपून साडेचारला उठायचं म्हणजे साडेतीन तास झोप! कोणी सांगितलं तुला हे? आपल्याकडे सगळ्यांना ब्रह्ममुहूर्त पाठ आहे आणि "लवकर निजे लवकर उठे" ही म्हणसुद्धा पाठ आहे, पण त्यातलं "लवकर निजे" आधी येतं हे सोयीस्कर विसरतात. ज्या आजीचं उदाहरण देतात ना की ती पहाटे चारला उठून जात्यावर बसायची, ती आजी रात्री साडेआठला कंदील बारीक करून आडवी झालेली असायची.

आता झोपेचं एक सांगते ते नीट वाच, कारण मला वाटतं तुझ्या "शिस्त नाही" या प्रकरणाचं मूळ इथेच आहे. २००३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी निरोगी माणसांना सलग चौदा दिवस कुणाला चार तास, कुणाला सहा, कुणाला आठ तास एवढीच झोप घेऊ दिली आणि रोज त्यांच्या लक्ष देण्याच्या, लक्षात ठेवण्याच्या चाचण्या घेतल्या. चार आणि सहा तासवाल्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली, शेवटी शेवटी तर एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी. पण त्यातली खरी भीतीदायक गोष्ट ही की त्यांना स्वतःला तसं वाटतच नव्हतं, थोडी पेंग येते, बाकी ठीक आहे, सवय झाली, असंच ते सांगत होते. तू साडेचार तासांवर किती महिने आहेस? एन्ट्री तीनदा तपासणं, मुलीवर खेकसणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं हे सगळं तू स्वभावाच्या खात्यावर टाकलंयस. तू अकाउंट्सवाली आहेस म्हणून तुझ्या भाषेत सांगते, चुकीच्या हेडखाली पोस्टिंग झालंय, आधी ते रिव्हर्स कर.

म्हणून पहिले तीन आठवडे अभ्यास नाही, प्लॅनर नाही, योगा नाही, काही नाही. फक्त झोप. साडेदहाला आडवं व्हायचं, साडेपाचला उठायचं, सात तास. रविवारीसुद्धा साडेपाच नाही तरी सहा-सव्वासहाला उठ, नऊपर्यंत लोळलीस तर शरीराचं घड्याळ पुढे सरकतं आणि रविवारी रात्री परत झोप येत नाही, मग सोमवार बोंबलला. दुपारी डुलकी काढ हवी तर वीस-पंचवीस मिनिटांची, तीनच्या आत.

आता तू म्हणशील ताई पावणेअकराला मोकळी होते, साडेदहाला कशी झोपू. बरोबर. आणि मी तर त्याच्याही आधी तुला पाऊण तास तुझा स्वतःचा द्यायचं म्हणतेय, पावणेदहा ते साडेदहा, कारण तो नाही मिळाला तर तू परत चोरणारच, आणि मी तुला दोष देणार नाही. म्हणजे आठला घरात पाय ठेवल्यापासून पावणेतीन तासांचं जे काम आहे ते पावणेदोन तासांत बसवायचंय, एक तास काढायचाय.

इथे मला तुझ्या पत्रातली एक गंमत दिसली. नवऱ्याचं मत काय आहे ते तू लिहिलंस, पण तो संध्याकाळी घरी किती वाजता येतो आणि आल्यावर काय करतो यावर एक ओळ नाही. पत्र मोठं होईल म्हणून राहिलं असेल असं धरून चालते. पण केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकांचा वेळ कुठे जातो याचं देशभर सर्वेक्षण केलं होतं, त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ निघाला २८९ मिनिटं आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. लक्षात घे, हे ८८ म्हणजे जे करतात त्यांचे, जे ढिम्म हलत नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. तर शिस्तीचा विषय निघालाच आहे तर हा कागद मधोमध ठेवून बोलायला हरकत नाही, भांडू नकोस, पण "मदत कर" असंही म्हणू नकोस, कारण मदत म्हटलं की ती उपकाराची होते आणि दर वेळी मागावी लागते. काम नाव घेऊन कायमचं देऊन टाक. होमवर्क, दप्तर भरणं, दुसऱ्या दिवशीचा युनिफॉर्म आणि बूट, हे त्याचं. मुलगी तिसरीत आहे, त्याला पाढे येत असतील. पहिल्या आठवड्यात तो एखादी वही विसरेल, शाळेतून डायरीत शेरा येईल, तू मध्ये पडू नकोस. इथेच बहुतेक बायकांचा घोटाळा होतो, त्याने दप्तर नीट भरलं नाही म्हणून रात्री दहाला स्वतः परत भरायला बसतात, मग काम दिलं कुठे?

सासूबाईंशी मात्र वेगळं बोलावं लागेल आणि ते मी त्यांच्या वयाची झाल्यावर सांगतेय. त्यांना "तुम्ही करा" म्हणू नकोस, "आई, साडेसातला तुम्ही कुकर लावून ठेवलात तर आपण सगळे साडेआठला जेवू आणि तुमची मालिकाही चुकणार नाही" असं म्हण. माझ्या सासूबाईंनी मला एकदा त्या बाथरूममधून बाहेर येताना पकडलं होतं रात्री साडेबाराला. मला वाटलं आता लाइटबिलावरून ऐकवणार. तर त्यांनी विचारलं, कुठला अंक आहे, वाचून झाला की मला दे. त्यांनाही वाचायचं होतं गं, आयुष्यभर कोणी विचारलं नव्हतं. मग आम्ही साडेनऊनंतर स्वयंपाकघराचा दिवा बंद म्हणजे बंद असं ठरवलं, आणि दोघी दोन टोकांना बसून वाचायचो, सासरे पाणी मागायला आले की त्या म्हणायच्या माठ तिथेच आहे.

आणि रात्रीच्या जेवणाचा थाट कमी कर. मंगळवार-गुरुवार खिचडी नाहीतर वरणभात, पोळी नाही, कोणी मरत नाही. डोंबिवलीत राहून पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणायला लाजणं म्हणजे समुद्रकिनारी राहून मीठ घरी बनवण्यासारखं आहे, स्टेशनवरून येताना आठवड्यातून दोनदा आठ-दहा पोळ्या घेऊन यायच्या. दुसऱ्या दिवशीची भाजी पूर्वी आम्ही सरळ ट्रेनमध्ये निवडायचो, मटार सोलायचे तर अख्खा डबा सोलायला लागायचा. ते तुला नको सांगायला, त्याचं कारण पुढे येतंच.

तर समज पावणेदहाला ओटा पुसला, दूध फ्रिजमध्ये गेलं, चवळी भिजत घातली. आता तुझा पाऊण तास. यात काहीही कर, पण काहीतरी "उपयोगी" करायलाच पाहिजे असं नाही. गॅलरीत बस, केसांना तेल लाव, मैत्रिणीला फोन कर, हवं तर रील्ससुद्धा बघ, खरंच बघ, पण बसून बघ, आडवं होऊन नाही. साडेदहाला फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा आणि चार्जर तिथून हलवायचा नाही. गजरासाठी फोन उशाशी लागतो ही सबब प्रत्येकजण सांगतो, त्यासाठी स्टेशनबाहेर गजराचं साधं घड्याळ मिळतं ते घे. इच्छाशक्ती वगैरे रात्री साडेदहाला कोणाकडेच शिल्लक नसते, माझ्याकडे पण नाही, पण उठून हॉलमध्ये जायचा कंटाळा सगळ्यांकडे भरपूर असतो, तोच वापरायचा.

चहाचंही बघ. आठला घरी आल्यावर घेतेस ना? तुझ्या पत्रात नाही पण घेत असशीलच, आपण सगळ्या घेतो. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच-सहा तास लागतात, म्हणजे आठचा चहा रात्री एकला अर्धा अजून रक्तात फिरतोय. चहात कॉफीपेक्षा कॅफीन कमी असतं हे खरं, आणि सगळ्यांना सारखा त्रासही होत नाही, पण तुला झोपेचीच अडचण आहे तर शेवटचा चहा ऑफिसात चार वाजताचा, घरी आल्यावर लिंबूपाणी नाहीतर ताक. पहिले तीन दिवस डोकं जड वाटेल, मग जातं.

व्यायाम मी तुला वेगळा सांगतच नाही. घर ते स्टेशन किती लांब आहे? पंधरा मिनिटांच्या चालीचं असेल तर रिक्षा सोड, जाताना पंधरा येताना पंधरा, आठवड्याचे पाच दिवस, झाली की दीडशे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो तुझा स्टेशनच्या रस्त्यावर होतो, फक्त भरभर चालायला हवं. शिवाय सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप वेळेवर यायला मदत होते, आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहून चिडचिड होते ती वाचते. पावसाळ्यात फुटपाथची जी अवस्था असते ती बघता "भरभर" हा शब्द मी जपून वापरतेय, चपला बऱ्या घाल.

एकवीस दिवसांचं ते चॅलेंज आता डोक्यातून काढून टाक. तो आकडा आला कुठून माहितीये? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं की ऑपरेशननंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला कमीत कमी साधारण एकवीस दिवस लागतात. त्यातलं "कमीत कमी" गळून पडलं आणि नाकाच्या ऑपरेशनचा हिशोब आपण पहाटे उठायला लावला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला, प्रत्येकाने एकच छोटी सवय निवडून बारा आठवडे रोज करायची होती. सवय आपोआप अंगवळणी पडायला लागलेले दिवस निघाले साधारण ६६, पण माणसामाणसात फरक केवढा, कोणाला १८ आणि कोणाला, पुढचा अंदाज बांधून, २५४. आणि तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही असंही त्यात दिसलं. नवव्या दिवशी तू जे केलंस ना, एक दिवस चुकला म्हणून अ‍ॅपमधली साखळी तुटली आणि साखळी तुटली म्हणून सगळंच सोडलं, तिथे चूक त्या साखळीच्या खेळाची होती. म्हणून तुला ट्रॅकर नको. कॅलेंडरवर साडेदहाला झोपलीस त्या दिवशी फुली मार, आठवड्यात पाच फुल्या म्हणजे उत्तम, चार म्हणजे ठीक, पाहुणे आले मुलगी आजारी पडली तर दोन, पुढचा आठवडा पुढे.

आता परीक्षा. तुला आवडणार नाही पण डिसेंबर सोड. फॉर्म भरू नकोस. जूनला बस.

का ते सांगते. डिसेंबर धरलास तर त्याच्या आत गणपती आहेत, नवरात्र आहे, दिवाळीचा फराळ आहे, आणि आत्ताचे तीन आठवडे मी झोपेत घालवतेय. चार पेपर एका ग्रुपमध्ये, प्रत्येकात ४० टक्के आणि मिळून ५० टक्के, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. घाईत एखादा पेपर राहिला आणि निकाल लागला की परत तेच "मला शिस्त नाही". जूनपर्यंत साधारण सत्तेचाळीस आठवडे मिळतात, सणवार आणि तुझा मार्चएंड मिळून सात काढले, मार्चएंडला अकाउंट्सवालीने अभ्यासाचा विचारही करू नये, उरले चाळीस. आठवड्याला आठ तास धरले तर ३२० तास, पेपरला ८०. हे मला झेपण्यासारखं वाटतं. रोज पहाटे तीन तास वगैरे जे तुझ्या प्लॅनरमध्ये लिहिलं असेल ते झेपण्यासारखं नाही.

आठ तास कुठून आणायचे? रविवारी सकाळी साडेतीन तास, घरात नाही, घराबाहेर. डोंबिवलीत अभ्यासिकांची कमी नाही, महिन्याची फी भर, फी भरली की नवरासुद्धा जा म्हणतो. घरात बसलीस तर दर दहा मिनिटांनी कोणीतरी विचारणार जिरं कुठे आहे. शनिवारी दोन तास. बाकीचे अडीच तास जातानाच्या ट्रेनमधले, रोज अर्धा तास.

ट्रेनमध्ये पुस्तक उघडायचं नाही, सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये हात वर करायला जागा नसते हे काय मी तुला सांगू, त्यासाठी लोक उलटं कल्याणला जाऊन बसून येतात. उभ्या उभ्या डोळे मिटायचे आणि रविवारी जे वाचलं ते आठवायचं. वाचायचं नाही, आठवायचं. २००६ मध्ये रोएडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला होता, काहींना तोच उतारा परत परत वाचायला दिला आणि काहींना एकदा वाचून मग न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर घेतली तर आठवणारे पुढे. म्हणजे मार्कर फिरवत चौथ्यांदा वाचताना जे "येतंय येतंय" वाटतं ते बऱ्याचदा फसवं असतं. तर दिवा ते मुलुंड एक विषय: स्टँडर्ड कॉस्टिंग घे, मटेरियल प्राइस व्हेरिअन्स म्हणजे काय, ठरलेला दर वजा प्रत्यक्ष दर, जे येईल त्याला गुणिले प्रत्यक्ष खरेदी. तूरडाळ १४० ने धरली होती, १६० ने मिळाली, तीन किलो घेतली, ६० रुपये अ‍ॅडव्हर्स, म्हणजे जास्तीचे गेले. अडलं की कुठे अडलं तेवढं लक्षात ठेवायचं आणि ऑफिसात जेवायच्या सुट्टीत दोन मिनिटं बघायचं. एकदा सीट मिळाली की झोपावंसं वाटेल, झोप मग, पापं नाही लागत. म्हणूनच भाजी निवडू नको म्हटलं, तो अर्धा तास तुझ्या डोक्याचा आहे. येतानाच्या ट्रेनमध्ये अभ्यास अजिबात नाही, तिथे ग्रुपशी गप्पा मार, भिशी लाव, नवरात्रात डबा सजवा, काय वाटेल ते.

अजून एक छोटी युक्ती, मला नोकरीत फार उपयोगी पडली. बँकेत काउंटरला असताना एक काम हातात की दुसरं समोर, मॅनेजर हाक मारणार, फोन वाजणार. उठताना मी चिठ्ठीवर एक ओळ लिहायचे, "व्हाउचर १७ पर्यंत टॅली, पुढे फरक ४५० शोधणे". परत आल्यावर कुठे होते हे शोधण्यात दहा मिनिटं जायची ती वाचली, आणि मुख्य म्हणजे मॅनेजरच्या केबिनमध्ये बसल्यावर डोकं मागे व्हाउचरमध्ये अडकून राहायचं नाही. तू एन्ट्री तीनदा तपासतेस ना, त्यातल्या दोन वेळा तरी मध्येच कोणीतरी उठवल्यामुळे असतील. करून बघ. व्हॉट्सअ‍ॅपचे ऑफिसचे ग्रुप सोडून बाकी सगळे म्यूट, हे आजच कर, त्याला तीन आठवडे थांबायची गरज नाही.

आता थोडं गंभीर. महिनाभर रोज सात तास झोपूनही जर अशीच दमलेली राहिलीस, जिना चढताना धाप लागली, केस गळतायत, पाळीत फार जातंय, तर सवयींचं पुराण बंद कर आणि डॉक्टरकडे जा, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्यायचं का ते विचार. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया निघाला होता. रक्तात लोह नसताना टाइमटेबल काय करणार, कपाळ? आणि आडवी होऊनही झोपच लागत नसेल, विनाकारण रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीचा, नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पाय मुरगळला तर आपण जातोच ना हाडवैद्याकडे.

तर आजपासून ग्रुप म्यूट, चार्जर हॉलमध्ये आणि नवऱ्याशी दप्तराचं बोलणं. पुस्तकं कपाटात राहू देत तीन आठवडे. गणपती झाले की मला लिही, पण अभ्यास किती झाला ते नको, फुल्या किती झाल्या ते लिही. त्या सातशे रुपयांच्या प्लॅनरची उरलेली कोरी पानं मुलीला चित्रं काढायला दे. आणि घड्याळ घेताना कानाला लावून घे, काही घड्याळं फार टिकटिक करतात, नवरा कुरकुरेल. कुरकुरलाच तर त्याला सांग, हॉलमध्ये चार्जरशेजारी दिवाणावर जागा आहे.

तुझी ताई